खाट रिकामी कधी होते?

माझी थोरली बहीण लहान असताना तिनं एकदा बाबांना विचारलं, "शेवटच्या स्टॉपवर सगळे उतरले, की मग बसचं काय होतं?"

बाबा बस चालवायचे. इतक्या वर्षांत असला प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. ते म्हणाले, "काय होणार? डेपोत जाते."

"मग?"

"मग धुतात."

"कोण धुतं?"

बाबांनी थोडे दिवस टोलवाटोलवी केली आणि शेवटी हात टेकून तिला सुट्टीच्या दिवशी डेपोत घेऊन गेले. संध्याकाळी परत आली ती कोपरापर्यंत ग्रीस माखून. जेवताना तिची टकळी सुरू झाली. बस आली की ड्रायव्हर फळ्यावर लिहितो, ब्रेक कुरकुरतोय. मग धुणारे येऊन बस चकाचक धुतात. मग मिस्त्री येतो आणि तेलकट हातांनी ती पुन्हा मळवतो.

"मी त्यांना सांगितलं, आधी मिस्त्री बोलवा आणि मग धुवा," ती म्हणाली.

"मग?" आता हा प्रश्न मी विचारला.

"हसले सगळे. म्हणाले, बेटा, पाणी सकाळी येतं आणि मिस्त्री दुपारी."

बाबा म्हणायचे, हिला उत्तर देणं म्हणजे गल्लीतल्या कुत्र्याला बिस्कीट टाकण्यासारखं आहे. एक टाकलं की दुसऱ्यासाठी आणखी जवळ येतं.

ताई मोठी झाली, कॉमर्स शिकली आणि एका लहानशा कंपनीत लागली. संस्थांना, कारखान्यांना कॉम्प्युटरवर कारभार चालवायची व्यवस्था करून द्यायची, हा त्या कंपनीचा धंदा. ताई प्रोग्रॅम लिहीत नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या आधी तिला पाठवतात. तिनं जाऊन बघायचं, की तिथलं काम खरोखर चालतं कसं, कुणाकडून कुणाकडे काय जातं, कुठं अडतं, कोण कुणाची वाट बघत बसतं. आणि मग ते सगळं कागदावर काढायचं. प्रत्येक कामाची एक चौकट, एका चौकटीतून दुसरीत जाणारा बाण. तिच्या ऑफिसात तिचं नाव पडलं 'मगकाय', कारण समोरच्याचं बोलणं संपलं की ती पेन वर करून विचारते, "मग काय?"

आमच्या आईला या नोकरीचा शेवटपर्यंत उलगडा झाला नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं, तुमची मोठी काय करते, तर आई ठसक्यात म्हणाली, "चौकटी काढते. मोठमोठ्या कंपन्यांच्या." दुसऱ्या दिवशी काकू दारात हजर. "अगं, आमच्या मागच्या दाराची चौकट वाळवीनं खाल्लीय. येईल का ती जरा बघायला?" ताई गेलीसुद्धा. चौकट तर बघितलीच, वर वाळवी नेमकी कुठून शिरली तेही शोधून आली.

लग्न तिचं असंच प्रश्नातून जमलं. कंपनीनं तिला दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात पाठवलं होतं. तिथल्या एका कारागिराला तिनं विचारलं, कवळी तयार होऊन गेली, की त्या प्लास्टरच्या साच्याचं काय होतं? तो तिला मागच्या खोलीत घेऊन गेला. भिंतभर फळ्या, आणि फळ्यांवर लोकांच्या तोंडांचे पांढरे साचे ओळीनं मांडलेले. "यांचं काम झालंय," तो म्हणाला, "पण टाकवत नाहीत." ताई सांगते, ती तिथंच विरघळली. ते आमचे भाऊजी.

आता मला सांगायची आहे ती गोष्ट हॉस्पिटलची.

गावातल्या मोठ्या हॉस्पिटलात एक भानगड झाली होती. एका आजारी म्हातारीला ॲडमिशनच्या काउंटरसमोर बाकावर दिवसभर ताटकळत बसावं लागलं. खाट नाही, थांबा, एवढंच उत्तर. आणि वरच्या मजल्यावर एक खाट सकाळपासून रिकामी पडून होती. काउंटरला ते कुणी कळवलंच नव्हतं. म्हातारीच्या मुलानं आकाशपाताळ एक केलं, आणि हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टरांनी ठरवलं, की बास, आता प्रत्येक मजल्यावर स्क्रीन पाहिजे. कुठली खाट रिकामी आहे ते सगळ्यांना एकाच वेळी दिसलं पाहिजे.

काम ताईच्या कंपनीकडे आलं. त्यांचा एक प्रोग्रॅमर आहे, हुशार मुलगा, पण प्रत्येक कामाला आधी "सोपंय" म्हणतो. त्याचं नावच सोपंय. तो म्हणाला, "सोपंय. रिकामी खाट हिरवी, भरलेली लाल. यात विचारायचं काय?"

ताई म्हणाली, "आधी खाटा किती आहेत ते तर विचारून येते."

ती पहिल्यांदा गेली मुख्य डॉक्टरांकडे. त्यांनी मागच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या परवान्याकडे बोट दाखवलं. "चारशे. लिहिलंय की."

तिथून ती काउंटरवर आली. तिथला क्लार्क म्हणाला, "माझ्याकडे पावणेचारशेच्या आसपास येतात. बाकीच्या कुठं आहेत ते ज्यानं परवाना लिहिला त्याला विचारा."

तळघरात खाटा दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी हिशेब केला आणि साडेचारशेच्या वर आकडा सांगितला. "चाक मोडलेल्या आणि गोदामातल्या धरून. खाट म्हणजे खाट. लोखंड काही परवाना बघत नाही."

आणि मेडिसिनच्या वॉर्डातल्या सिस्टरनी तर आकडाच दिला नाही. त्या इंजेक्शनचा ट्रे भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आज माझ्याकडे दोन नर्सेस रजेवर आहेत. ज्या खाटेकडे बघायला माणूस नाही ती खाट नव्हे, फर्निचर आहे. उद्या विचारा, उद्या जास्त असतील."

त्या संध्याकाळी ताई माझ्याकडे आली ती लॉटरी लागल्यासारखी. "अगं, एका इमारतीत खाटा किती, याची चार उत्तरं! आणि चारही खरी!"

मी म्हटलं, "म्हणजे कुणालाच माहीत नाही."

"छे! प्रत्येकाला बरोब्बर माहीत आहे. फक्त प्रत्येकाची खाट वेगळी आहे."

हॉस्पिटलनं तिला एक रिकामी खोली दिली. पूर्वी तिथं चादरी ठेवत, भिंतीला अजून साबणाचा वास होता. तिनं भिंतीवर खाकी कागदाचा मोठा ताव लावला आणि त्यावर चौकटी काढायला सुरुवात केली. रोज सकाळी हॉस्पिटलात फिरायचं, लोकांना विचारायचं, दुपारी येऊन काढायचं. हळूहळू येणारे-जाणारे त्या खोलीत डोकावू लागले, आणि डोकावणारा प्रत्येकजण एकच वाक्य बोलायचा, "बाकी बरोबर आहे हो, पण आमच्याकडे असं नाही होत." ताई लगेच खोडरबर पुढे करायची. "मग कसं होतं?"

भांडणंही तिथंच व्हायची. पेशंटला ऑपरेशनला नेलं, की त्याची वॉर्डातली खाट रिकामी म्हणायची का? त्याची चप्पल, त्याचा चष्मा अजून तिथंच आहे. पण शुद्धीवर येईपर्यंत तो दुसऱ्याच मजल्यावरच्या खाटेवर असतो. म्हणजे एका माणसाच्या दोन खाटा? काउंटरचा क्लार्क म्हणाला, "इकडे लोक बाकावर आणि हा दोन-दोन अडवून बसलाय!" सिस्टर म्हणाल्या, "मग परत आल्यावर त्याला काय तुमच्या मांडीवर झोपवू?" आणि बाळंतिणींच्या वॉर्डातला पाळणा? मिस्त्री म्हणाले पाळणा ही खाटच, चार पाय आहेत. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, चार पाय तर टेबलालाही असतात.

ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकाच्या जागी तीन शब्द केले. लोखंडाची ती खाट. ती जिथं मांडायची ती जागा, प्रत्येक जागेला तिचा नंबर. आणि खाट, जागा, धुतलेली चादर आणि लक्ष ठेवायला नर्स एवढं जमून आलं, की ती सोय. काउंटरनं यापुढे खाटेचा विचार करायचा नाही, सोय आहे का तेवढं बघायचं. मिस्त्रींनी लोखंड बघायचं. मुख्य डॉक्टरांनी जागा मोजायच्या, म्हणजे परवान्याशी मेळ बसेल.

सोपंयनं डोक्याला हात लावला. "एका खाटेसाठी तीन तक्ते?"

"तू तर म्हणाला होतास, सोपंय."

"होतं! तू जाईपर्यंत होतं!"

त्याच सुमारास मी त्या हॉस्पिटलात बाळंत झाले. ताई धावत आली, माझ्या कपाळावर हात ठेवला, बाळाकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले. मग तिनं डोळे पुसले आणि सिस्टरना हळूच विचारलं, "या पाळण्याला तुम्ही नंबर दिलात, की आईच्याच नंबरावर ठेवलाय?" मी तिला उशी फेकून मारली. उत्तर तिला मिळालं होतं म्हणा. आईच्याच नंबरावर. पण बाळ आजारी पडून वेगळ्या खोलीत गेलं, की तेव्हा त्याला स्वतःचा नंबर.

स्क्रीन लागले. हिरवा म्हणजे सोय तयार. लाल म्हणजे पेशंट आहे. पिवळा म्हणजे सफाई चालू. करडा म्हणजे नादुरुस्त. पहिले काही आठवडे सगळ्यांनी स्क्रीनला शिव्या घातल्या आणि मग सवय झाली. बाकावरची गर्दी खरोखरच ओसरली. मुख्य डॉक्टर खूश. येणाऱ्या पाहुण्यांना ते स्क्रीनसमोर उभं करून रंग समजावून सांगू लागले.

महिना-दीड महिना झाला असेल, त्यांनी ताईला बोलावून घेतलं. त्यांच्यापुढे कॉम्प्युटरनं काढून दिलेला तक्ता होता. कुठली खाट कुठल्या रंगात किती वेळ राहिली, याचा.

"हे बघा. सफाईला एरवी लागतो तेवढा वेळ लागतो. पण काही खाटा तासन् तास पिवळ्या. मेडिसिनच्या वॉर्डात सगळ्यात जास्त. म्हणजे आपले सफाईवाले कामचुकार आहेत. तुमच्यामुळे हे उघडकीला आलं. उत्तम!"

ताईला हे कौतुक पचलं नाही. तिला तक्त्यात कामचुकारपणा दिसेना. कामचुकार माणूस सगळीकडे सारखाच चुकारपणा करतो. इथं चार खाटा झटपट होतात आणि पाचवी रेंगाळते, असं का?

ती सफाईच्या मुकादम बाईंकडे गेली. त्या ऐकूनच भडकल्या. "आम्ही कामचुकार? बादली घेऊन माझी माणसं वॉर्डाच्या दारात जातात आणि सिस्टर त्यांना माघारी पाठवतात! विचारा जाऊन!"

ताई सिस्टरकडे गेली. "माघारी कशाला पाठवीन? नंतर या म्हणते."

"का?"

"गर्दी असते," सिस्टर म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

ताईनं मग एक स्टूल मागून घेतलं आणि त्या वॉर्डाच्या कोपऱ्यात जाऊन बसली. सकाळी यायची, दुपारी उठायची. कुणी विचारलं तर म्हणायची, बघतेय. थोड्याच दिवसांत लोक तिच्या स्टुलाला वळसा घालून जाऊ लागले, जसं काही ते तिथं पहिल्यापासूनच होतं.

तिला पुष्कळ गोष्टी दिसल्या. गादी ओली असली की वाळेपर्यंत खाट पिवळीच राहते. लाँड्रीतून चादरी उशिरा आल्या की चार-पाच खाटा नुसत्या उघड्या पडून असतात. आणि एकदा एका खाटेवरचा पिवळा रंग दुपारपर्यंत हलेना, म्हणून तिनं चौकशी केली, तर कळलं की स्टोअरकीपरच्या मेव्हण्याला खिडकीजवळची जागा हवी आहे आणि तो अजून घरून निघालेलाच नाही. सगळ्याच रेंगाळलेल्या खाटांचं कारण काही थोर नव्हतं. ताईनं तेही टिपून घेतलं.

मग एका सकाळी, मधल्या रांगेतले एक आजोबा गेले. आदल्या दिवशीपासूनच सगळ्यांना अंदाज होता. डॉक्टर आले, तपासलं, सही करून गेले. सिस्टरनी पडदा ओढला. आजी खाटेजवळ स्टुलावर बसल्या होत्या. रडत नव्हत्या. आजोबांच्या अंगावरची चादर नीट करत त्या त्यांच्याशी बोलत होत्या. ताईला पडद्याच्या फटीतून तुटक तुटक ऐकू येत होतं. गॅस बंद करून आलेय. मांजर शेजारी ठेवलंय. पोरगी निघालीय, गाडीत बसलीय, येईलच.

सिस्टर कॉम्प्युटरपाशी आल्या. बोट बटणाच्या वर नेलं आणि थांबल्या. मग त्यांनी पिवळा दाबला.

ताई उठून त्यांच्याजवळ गेली. अगदी हळू आवाजात विचारलं, "पिवळा का?"

सिस्टरनी आधी दाराकडे बघितलं. त्यांना वाटलं असावं, की आता ही वर जाऊन सांगणार. मग म्हणाल्या, "लाल ठेवला तर स्वयंपाकघरातून जेवणाचं ताट येतं. एकदा आलं होतं. ताट आणणाऱ्यानं नाव घेऊन हाक मारली, आणि बायको शेजारी बसलेली. हिरवा केला तर खालून लिफ्टमधून नवा पेशंट येतो, आपली पिशवी घेऊन. पिवळा केला तर नुसते सफाईवाले येतात. त्यांना मी दारातून परत पाठवू शकते."

"आणि पूर्वी? स्क्रीन नव्हते तेव्हा?"

"तेव्हा काय, सगळं आटपलं की मी खाली फोन करायचे. मी फोन करेपर्यंत कुणाला काही कळत नव्हतं."

ताई चादरीच्या खोलीत गेली. भिंतीवरचा तो ताव अजून तसाच होता. पेशंटचं हॉस्पिटलातून जाणं तिनं तीन बाणांनी दाखवलं होतं. घरी, दुसऱ्या हॉस्पिटलात, मृत्यू. आणि 'मृत्यू' या चौकटीतून एक सरळ बाण 'खाट रिकामी' या चौकटीत गेला होता. तिनंच काढला होता तो. बोटभर लांबीचा. एवढी माणसं त्या कागदासमोर उभी राहून भांडून गेली होती, पण त्या बाणाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं, आणि तिनंही विचारलं नव्हतं. सगळीकडे 'मग काय' विचारणारी ताई नेमकी तिथं गप्प बसली होती.

घरी येऊन तिनं हे भाऊजींना सांगितलं. ते जेवून एक कवळी घासत बसले होते, घरीही त्यांचं थोडंफार काम चालू असतं. ती म्हणाली, "कागदावर सगळं बसत होतं हो."

"कागदावर बसणारच," ते म्हणाले. "साच्यावर कवळी नेहमी चपखल बसते. साचा बोलत नाही, चावत नाही, जांभई देत नाही."

"मग तुम्ही काय करता?"

"माणसाला बोलावतो. घाल म्हणतो आणि बोल म्हणतो. दुखलं की घासतो. पुन्हा घाल म्हणतो." त्यांनी कवळी दिव्याकडे धरून बघितली. "पहिल्याच खेपेला बसलेली मी तरी अजून बघितली नाही. तू उगाच तोंड पाडून बसू नकोस."

पुढच्या बैठकीला ताईनं तो ताव गुंडाळून नेला. मुख्य डॉक्टर, सगळ्या सिस्टरांच्या प्रमुख मेट्रन बाई, काउंटरचा क्लार्क, मुकादम बाई आणि सोपंय. ताईनं तो बोटभर बाण दाखवला आणि जे बघितलं ते जसंच्या तसं सांगितलं. स्टोअरकीपरच्या मेव्हण्याचंही सांगितलं, फक्त तो कुणाचा मेव्हणा ते सांगितलं नाही. सफाईवाल्यांचा यात दोष नाही, हे तिनं सगळ्यांत आधी सांगितलं. मुकादम बाईंनी पदर सावरून खुर्चीत बैठक घट्ट केली.

मुख्य डॉक्टरांनी ताव स्वतःकडे ओढून तो बाण बघितला. मग म्हणाले, "मला दगडाचं काळीज नाही. पण खाली बाकावर जो बसलाय तो जिवंत आहे. त्यालाही नातेवाईक आहेत. वर एक खाट अडली तर त्याचं काय?"

ते खरंच होतं.

काउंटरचा क्लार्क म्हणाला, "साहेब, मला नुसतं खरं कळलं तरी पुष्कळ आहे. आत्ता मी लोकांना सांगतो, खाट साफ करतायत. ते म्हणतात, एवढा वेळ? महाल धुताय का? आणि माझ्याशी भांडतात. कारण कळलं तर मी त्या माणसाकडे बघून ठरवेन. थांबण्यासारखा असेल तर थांबवेन. नसेल तर सिस्टरना फोन करेन, बाई, इथं कठीण आहे, काही करता येईल का."

"म्हणजे आणखी एक रंग," सोपंय म्हणाला. आश्चर्य म्हणजे या वेळी तो कुरकुरला नाही. "नाव काय देऊ? 'प्रलंबित'?"

मेट्रन बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो खुर्चीत दोन बोटं खाली गेला. "माणूस आहे की ऑफिसातली फाईल?"

नावावरून घोळ झाला. 'राखीव' म्हणावं तर मेव्हण्यांची सोय होईल. 'विसावा' म्हणावं तर बागेतल्या बाकासारखं वाटतं. शेवटी मुकादम बाई म्हणाल्या, "निरोप लिहा. निरोप चाललाय, एवढं कळलं की माझी माणसं बादली घेऊन जाणारच नाहीत."

निरोप ठरलं. रंग निळा. स्वयंपाकघराला तो दिसला की ताट निघायचं नाही. मग वेळेचा प्रश्न आला. सोपंय म्हणाला, किती वेळानं आपोआप हिरवा करू? मेट्रन बाई म्हणाल्या, आपोआप काही होणार नाही, सिस्टर ठरवेल. मुख्य डॉक्टर म्हणाले, वेळेचं बंधन पाहिजेच. बरीच ओढाताण झाली. शेवटी रंग बदलायचा नाही, पण बराच वेळ झाला की काउंटर आणि वॉर्ड, दोघांकडेही घंटी वाजेल आणि दोघांनी फोनवर बोलायचं, यावर गाडी थांबली. कुणाचंच पूर्ण समाधान झालं नाही. मुख्य डॉक्टर उठताना पुटपुटले, "कॉम्प्युटर घेतला तो फोन करायला लागू नये म्हणून."

ही व्यवस्था लागू झाल्यावर लगेच एका वॉर्डानं तिचा फायदा उठवला. मेट्रन बाई फेरीवर होत्या. स्क्रीनवर खिडकीजवळची खाट निळी, आणि खाटेवर बघतात तर घडी घातलेली चादर आणि कुणाचातरी थर्मास.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही," वॉर्डातली नवी सिस्टर चाचरत म्हणाली.

"मग निरोप कुणाला देताय? थर्मासला?"

तो किस्सा दिवसभरात सगळ्या हॉस्पिटलात पसरला आणि त्यानंतर निळ्या रंगाशी खेळायची कुणाची छाती झाली नाही. मेव्हणेमंडळी दुसरे मार्ग शोधत असतील. ताई म्हणते, तेही बघितलं पाहिजे एकदा.

बाकावर वाट बघणं संपलं नाही, कमी झालं. काउंटरच्या क्लार्कनं ताईला सांगितलं, की वर एका घरचा निरोप चाललाय असं सांगितल्यावर एकजण उठला, चहा पिऊन आला आणि मग शांतपणे बसून राहिला. आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या एकानं तेच ऐकून काउंटरवर मूठ आपटली, की माझ्या बापाचाही निरोप घ्यायला लावणार आहात का? क्लार्कनं वर फोन केला. सिस्टरनी त्या घरच्या लोकांशी बोलून पाहिलं. त्यांनी स्वतःच उठून जागा दिली.

ताईच्या कामात तेव्हापासून एक फरक पडला. पूर्वी ती चौकटी विचारायची. आता नव्या ठिकाणी गेली, की बाणावर बोट ठेवते. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाताना काय होतं, कोण थांबतं, थांबलेला असताना काय करतो, असं विचारते. लोक वैतागतात. कंपनीचे मालकही वैतागतात, कारण काम लांबतं. पण गिऱ्हाईकं तिलाच पाठवा म्हणून मागं लागतात, तेव्हा त्यांना गप्प बसावं लागतं. नव्यानं लागलेल्या मुलामुलींना ती शिकवते, आणि शिकवते म्हणजे काय, तर आपलं ते स्टूल देते आणि म्हणते, जा, बसून ये.

त्या मेट्रन बाई निवृत्त झाल्या. निवृत्तीच्या समारंभाला त्यांनी ताईला बोलावलं होतं. भाषणं झाली, हार झाले. निघताना त्यांनी ताईला बाजूला घेऊन विचारलं, "एक सांगशील? तू काढलेला तो मोठा कागद कुठं आहे?" ताईला माहीत नव्हतं. खोलीला रंग देताना कुणीतरी काढला असावा. मेट्रन बाई म्हणाल्या, "मला हवा होता. इतकी वर्षं आम्ही करतो काय, ते त्याच्यावर पहिल्यांदा एका जागी दिसलं. घरच्यांना दाखवला असता."

सध्या ताई प्राणिसंग्रहालयाचं काम करतेय. त्यांना त्यांच्याकडच्या प्राण्यांची व्यवस्था कॉम्प्युटरवर आणायची आहे. परवा आली ती हातात पेरूची पिशवी आणि डोळ्यांत तीच चमक. माझी मुलगी, तीच ती पाळण्यातली, आता मावशीच्या खांद्याला लागते. तिनं विचारलं, "मावशी, किती प्राणी आहेत तिथं?"

"तेच तर!" ताई खुर्ची ओढून बसली. "वाघ मोजता येतात. पण कासवानं अंडी घातलीयत. अंडं म्हणजे प्राणी का? तिथला डॉक्टर म्हणतो, नाही, फुटल्यावर मोजू. राखणदार म्हणतो, मग अंड्यावर दिवा कशाला लावलाय, विजेचा खर्च कुणाच्या नावावर? आणि माशांच्या टाकीत तर मोठे मासे लहानांना खातात. सकाळची मोजणी दुपारी खोटी."

"मग काय करतात ते?" मुलीनं विचारलं.

"अजून कळलं नाही गं. माशांना खायला घालायची वेळ दुपारची असते. उद्या जाऊन बसणार आहे."

"मी येऊ?"

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, शाळा आहे. मग दोघींनी मिळून माझ्याकडे बघितलं, आणि शेवटी मीच त्या दोघींचा डबा भरून दिला.